मुलगी ‘व्हिज्युअल लर्नर’, म्हणजे बघून जास्त शिकणारी, आहे असं टेस्टमध्ये आलं. नीटसाठी आता व्हिडिओच बघू द्यावेत का?

नाही. दहावीला ९६ टक्के मिळवणाऱ्या मुलीची वही-पेन काढून घेऊ नका.

मी शहाद्याला अकरावी-बारावीला बायोलॉजी शिकवते. हे खूळ आमच्याच घरात शिरलं होतं, म्हणून लिहितेय. भाचा जळगावला क्लासला होता. तिथे एक प्रश्नावली भरून घेतली आणि ‘व्हिज्युअल’ असा शिक्का मारला. दाजींनी लगेच टॅब घेतला, व्हिडिओंचं पॅकेज घेतलं. पोरगा लिहीत बसला की म्हणायचे, “हात कशाला दुखवतोस, तुझी पद्धत वेगळी आहे.” व्हिडिओ बघताना सगळं कळायचं, टेस्टचे मार्क मात्र उतरत गेले.

दिवाळीत तो आला तेव्हा मी कोरा कागद पुढे केला. हृदयातून रक्त कसं फिरतं, काढ. चार कप्पे झकास काढले. पण फुप्फुसातून डाव्या कर्णिकेत येणारी शीर निळ्या पेनाने ओढली. शीर म्हणजे अशुद्ध रक्त, एवढंच डोक्यात. महाधमनी मात्र लाल! आई शेजारी वाती वळत होती. म्हटलं, आजीला अहिराणीत समजाव. ती ऐकता ऐकता कागदावर बोट ठेवून म्हणाली, “निळं गयं, मंग आठे लाल कसं उनं?” (निळं गेलं, मग इथे लाल कसं आलं?) पोरगा गप्प झाला, मग स्वतःच रेघ खोडली. ती शीर तो पुन्हा कधी चुकला नाही.

तेव्हापासून धडा वाचला की पुस्तक मिटून आठवेल ते लिहायचं, असं सुरू केलं. यामागे संशोधन आहे. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये दाखवलं की पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांपेक्षा आठवून लिहिणाऱ्यांना आठवड्यानंतर जास्त लक्षात राहतं. आणि मुलाच्या ‘स्टाइल’प्रमाणे शिकवलं की तो जास्त शिकतो, याला पुरेसा पुरावा नाही, हे पॅशलर आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्येच मांडलं. नीटच्या ७२० पैकी ३६० मार्क बायोलॉजीचे, चुकीच्या उत्तराला एक मार्क वजा. तिथे ‘बघितल्यासारखं वाटतंय’ फार महागात पडतं.

व्हिडिओ वाईट नाहीत, हेही सांगते. पेशीविभाजन हलतं बघितलेलं बरंच. वाचताना खरोखर अडचण येत असेल तर तो वेगळा विषय, तज्ज्ञांना दाखवा.

भाचा आता धुळ्याच्या सरकारी मेडिकलला आहे. दाजी अजून सांगतात, टेस्टमुळे दिशा मिळाली. दिवाळीनंतर ते पॅकेज त्याने उघडलंसुद्धा नव्हतं. तुम्ही पैसे भरण्याआधी क्लासवाल्यांना एवढंच विचारा: या शिक्क्याप्रमाणे शिकलेल्या मुलांचे मार्क बाकीच्यांपेक्षा वाढले, हे दाखवता का? दाजींनी हे विचारावं म्हणून मी घसा कोरडा केला होता. त्यांनी पूर्ण फी एकरकमी भरली.