वेढा पडलेला असताना घेतलेलं शेत

*ताई, सलाम. मी नवापूरजवळच्या खेड्यातून लिहिते. मालक सुरतेला कामाला आहेत. कोरोनात सासरे गेले, त्याचा निरोप रात्री दोन वाजता फोनवर आला. तेव्हापासून रात्री फोन वाजला की अंगाला कापरं भरतं. आता मोबाइलवर रोज लढाईचे व्हिडिओ आणि ‘शेवटचा काळ आला’ असे मेसेज येतात. झोप लागत नाही. प्रार्थनासभेत बोलले तर एक बहीण म्हणाली, ‘घाबरतेस म्हणजे तुझा विश्वास कमी.’ यंदा तुरीचं बियाणंसुद्धा आणलं नाही. पेरायचं तरी कशासाठी? माझा विश्वास खरंच मेला का?*

बहिणी, सलाम.

विश्वास मेला असता तर हा प्रश्न तुला पडलाच नसता. त्या बहिणीनं तुला दुखवलं, आणि ती चुकली. गेथशेमाने बागेत प्रभू येशूनं स्वतः शिष्यांना सांगितलं की माझा जीव मरणाइतका दुःखी झालाय, माझ्याबरोबर जागे राहा. त्याला कोणी कमी विश्वासाचा म्हणेल का? स्तोत्रसंहितेतलं 13वं स्तोत्र वाच. ‘कोठवर, कोठवर’ असंच ते सुरू होतं. 88वं तर अंधारातच संपतं. ही रडणीही पवित्र शास्त्रातच आहेत, कोणी ती काढून टाकली नाहीत.

‘शेवटचा काळ’वाले मेसेज पुसून टाक. मत्तयाच्या 24व्या अध्यायात प्रभू म्हणतो की लढायांबद्दल ऐकाल, पण घाबरू नका. आणि तो दिवस, ती घटका पित्याशिवाय कोणालाच ठाऊक नाही. मग मेसेज पाठवणाऱ्याला ती कुठून कळली?

आता तुझ्या तुरीचं. यिर्मया संदेष्ट्याची गोष्ट मला फार जवळची वाटते. बाबेलच्या फौजेनं यरुशलेमेला वेढा घातला होता, यिर्मया स्वतः पहारेकऱ्यांच्या चौकात कैदेत होता. अशा वेळी चुलतभाऊ येऊन म्हणतो, अनाथोथातलं माझं शेत विकत घे. यिर्मयानं 17 शेकेल रुपं, म्हणजे चांदी, तोलून दिलं, साक्षीदार बोलावले, खरेदीखत मातीच्या मडक्यात ठेवायला सांगितलं, म्हणजे पुष्कळ दिवस टिकेल. गावं शत्रूच्या हातात असताना जमीन घेतली! इथे पुन्हा घरं, शेतं, द्राक्षमळे विकत घेतले जातील, असं देवाचं वचन होतं आणि त्यावर त्यानं गाठीचं रुपं मोजलं. भीती जाईपर्यंत तो थांबला नाही.

माझी आई अशीच होती. वडील भुसावळला इंजिन ड्रायव्हर. अपरात्री ड्युटीवर बोलवायला रेल्वेचा कॉलबॉय दार वाजवायचा आणि आईचा चेहरा उतरायचा. दर वेळी. तरी ती उठून कळण्याची भाकरी थापायची, डबा भरायची आणि त्यांच्या डोक्यावर हात ठेवून दोन वाक्यं प्रार्थना करायची. मी लहानपणी समजायचे की आई कशालाच भीत नाही. पुढे तिनंच सांगितलं की भाकरी थापताना हात कापायचे.

मालकांशी बोलून रोज रात्रीची एक वेळ ठरव, कामावरून आल्यावर त्यांनीच फोन करायचा. तो आला की मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेव, म्हणजे झोपण्याआधी व्हिडिओ बघणं होणार नाही. एकटी प्रार्थना जमत नसेल तर मंडळीतल्या एखाद्या म्हाताऱ्या आजीला संध्याकाळी घरी बोलव. तिनं बोलावं, तू नुसतं आमेन म्हण, तेवढं पुरे. आणि इतके दिवस झोप नाही, अंग थरथरतं, हे दुखणंही असू शकतं. 14416 या टेली-मानसच्या, म्हणजे मनाच्या दुखण्यांसाठीच्या सरकारी नंबरावर फोन कर, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. डॉक्टरांनी गोळी दिली तर घे. एलीया संदेष्टा झुडपाखाली मरण मागत पडला तेव्हा देवाच्या दूतानं त्याला उपदेश केला नाही, उठवून भाकर आणि पाणी दिलं. तो जेवला, पुन्हा झोपला. दूत परत आला आणि म्हणाला, ऊठ, खा, वाट लांबची आहे.

या बाजारी बियाणं आण. सगळं शेत झेपत नसेल तर बांधाकडच्या चार ओळी पेर. आणि मालकांच्या फोनची वेळ कोणती ठरली, ते मला कळव.

तुझी ताई