प्रथिनपाचक, प्रथिनविघटक की आणखी काही?

नागपूरच्या महाल भागातल्या एका शिक्षिकाबाईंनी विचारलंय. सेमी-इंग्लिशच्या वर्गात 'विकर' (म्हणजे एन्झाइम) शब्द आला आणि एका पोराने हात वर केला, "मॅडम, विकर म्हणजे विकारच ना?" बाईंचा स्वतःचा प्रश्न वेगळा आहे: प्रथिनं तोडणाऱ्या विकरांना, म्हणजे प्रोटिएजना, 'प्रथिनपाचक' म्हणावं की 'प्रथिनविघटक'?

पोरगं फारसं चुकलं नाही बाप्पा. दोन्ही शब्दांत वि आणि कृ आहेत, दोन्हींत बदल आहे. विकारात बदल आपल्यात होतो. विकर दुसऱ्यात बदल घडवतं आणि काम झालं की स्वतः जसंच्या तसं.

आता 'पाचक'. हा शब्द ऐकला की आपल्याला चूर्ण आठवतं, नाहीतर आल्यालिंबाचा रस. म्हणजे पोटच. जठरातलं पेप्सीन आणि लहान आतड्यात काम करणारं ट्रिप्सीन यांना तो शोभतो. पेप्सीनला तर जरा जास्तच. थिओडोर श्वान यांनी 1836 साली ते शोधलं आणि नावासाठी पचनाचा ग्रीक शब्द घेतला. तो ग्रीक धातू आणि आपला पच् हे एकाच मुळातून आलेले. पेप्सीनमधला 'पेप' आणि स्वयंपाकातला 'पाक' म्हणजे लांबचे चुलतभाऊ. शिजवणं आणि जिरवणं या दोन्हींना एकच धातू पुरतो, ही गंमत दोन्हीकडे सारखी.

आणि तसं पाहिलं तर ते बरोबरच आहे. आमच्या मामी सावजी मटणाला कच्च्या पपईचा कीस चोळतात, तास-दीड तास. पपईतलं पपेन मांसातली प्रथिनं तोडायला लागतं. एकदा पाहुणे दुसऱ्या दिवशी येणार म्हणून कीस लावून मटणाचा गंज (पातेलं) रात्रभर तसाच राहिला. सकाळी वरून बोटाने दाबलं तर बोट आतच गेलं. फोडी कुठल्या, सगळा लगदा. विस्तव नाही, पोट नाही, तरी पचन झालंच की.

पण शरीराच्या ऊतींमध्ये गेलं की 'पाचक' अडतो. पेशीतल्या लयकारिकांपर्यंत (लायसोसोमपर्यंत) एक वेळ चालेल, त्या जुनी प्रथिनं मोडीतच काढतात. (लयकारिका! उत्पत्ती-स्थिती-लय यातला लय. पाठ्यपुस्तकातला माझा सर्वांत आवडता शब्द.) रक्तातलं थ्रॉम्बिन मात्र काहीच पचवत नाही. ते फायब्रिनोजेन या रक्तातल्या प्रथिनाच्या साखळ्यांच्या टोकाचे बारीक तुकडे कापतं, मग उरलेले रेणू एकमेकांना धरतात आणि गुठळी होते. इन्सुलिनचंही तेच. माणसात आधी 86 अमिनो आम्लांची साखळी तयार होते, मधला तुकडा कापून निघतो आणि 51 अमिनो आम्लांचं इन्सुलिन उरतं. हे शिंपीकाम झालं. याला विघटन म्हणणंही मला जड जातं. विघटनात वस्तू उरत नाही, इथे तर ती कापल्यावरच कामाची होते.

म्हणून माझं मत 'प्रथिनछेदक'ला. छेद एक असो की शंभर, शब्द पुरतो. वर्गात मात्र 'विघटक' चालवा, 'पाचक' पोटापुरता ठेवा.

आणि प्रोटिएजच्या ज खाली नुक्ता देऊ नका. तो 'जरा'मधला ज आहे, 'जीव'मधला नव्हे. मराठी वाचणाऱ्याला तेवढं सांगितलं की पुरे.