दीड वर्षाचा मॅलिनॉइज (बेल्जियन शेफर्ड जातीचा कुत्रा) चाव्याच्या सरावात 'आउट' (म्हणजे 'सोड') म्हटल्यावर स्लीव्ह (हातावर चढवलेली जाड संरक्षक बाही) सोडत नाही. ठाण्यातला ट्रेनर ई-कॉलर (मानेला विजेचा झटका देणारा कॉलर) लावू म्हणतोय. लावावा का?

माझं स्पष्ट मत: नको. चावा धरलेला कुत्रा आधीच पेटलेला असतो. त्या क्षणी मानेला झटका बसला की बरेच कुत्रे सोडण्याऐवजी पकड आणखी घट्ट करतात, किंवा दुखण्याचा संबंध समोरच्या माणसाशी जोडतात. मग तो राग मैदानाबाहेरही निघू शकतो.

आधी हे करून बघा. हेल्परला (स्लीव्ह घालून चावा झेलणाऱ्या माणसाला) स्लीव्ह पोटाशी धरून पूर्ण स्थिर उभं राहायला सांगा. ओढाताण थांबली की खेळातली मजा संपते. तुम्ही पट्टा धरून शांत उभे राहा, एकदाच 'आउट' म्हणा. जबडा सुटला, की लगेच पुन्हा चावू द्या. सोडलं की खेळ परत मिळतो, हे त्याला कळलं पाहिजे. वेळ लागतो, पण हे टिकतं.

आयजीपीच्या (माग काढणं, आज्ञापालन आणि चावा या तिन्हींची कुत्र्यांची स्पर्धा) परीक्षेत ई-कॉलर चालतच नाही. या खेळाचं माहेरघर असलेल्या जर्मनीत त्याचा वापर बेकायदा आहे, वेल्समध्ये 2010 पासून बंदी आहे.

आणि तो कॉलर आधीच घेतला असेल तर आजच मान तपासा. आपल्याकडच्या पावसाळी दमटपणात धातूच्या टोकांखाली केस झडून जखमा होतात.