‘उत्तर बघितलं की कळतं, पण स्वतःला सुचत नाही’

‘‘क्लासची फी भरली, रात्री बारापर्यंत बसतो. सोडवलेलं गणित दाखवलं की म्हणतो, ‘अरे, हे तर सोपं होतं!’ मग पेपरात का सुचत नाही, मॅडम? डोकंच कमी पडतंय का याचं?’’ बारावीतल्या मुलाची आई हे विचारते तेव्हा मुलगा शेजारच्याच खुर्चीत मान खाली घालून बसलेला असतो. ही तक्रार इतक्या घरांतून येते, की पुढची केस एकाच मुलाची नाही. सारखीच अडचण असलेल्या मुलांच्या अनुभवांवरून ती बांधली आहे.

अशा वेळी आधी कच्ची वही बघावी. या मुलाच्या वहीत अडलेल्या प्रत्येक गणितापाशी तेच दिसत होतं: दोन ओळी लिहिलेल्या, खोडलेल्या आणि खाली पुन्हा त्याच दोन ओळी, फक्त अक्षर जरा मोठं. तिसऱ्या खेपेला पेन इतकं दाबलेलं, की मागच्या पानावर वळ उठलेले. प्रयत्न तीन दिसतात, पण वाट एकच आहे.

त्याला हे बोलून पटलं नसतं, म्हणून भांड्यांची गणितं दिली. तीन भांडी, २१, १२७ आणि ३ मापांची. त्यांतून बरोबर १०० मापं पाणी मोजायचं. थोड्या वेळाने जमलं: मोठं भांडं भरायचं, त्यातून पहिलं एकदा आणि तिसरं दोनदा काढायचं. पुढची चार गणितं याच रीतीने सुटणारी होती, ती त्याने पटापट उडवली. मग २३, ४९ आणि ३ मापांची भांडी दिली आणि २० मापं मागितली. त्याने ४९ मधून २३ वजा केले, मग दोनदा ३. उत्तर बरोबरच आलं. ‘‘आता याआधीची गणितं झाकून हे एकटंच बघ,’’ म्हटल्यावर दोन सेकंदांत तो हसला. २३ मधून ३ काढले की झालं!

हा प्रयोग मानसशास्त्रज्ञ अब्राहम लचिन्स यांनी १९४२ मध्ये प्रसिद्ध केला. ज्यांना आधीच्या गणितांचा सराव दिला होता, त्यांतले बहुतेक जण लांबच्याच वाटेने गेले. सराव न दिलेल्यांना जवळची वाट सहज दिसली. यात बुद्धी कमी असल्याचा प्रश्नच नाही. मुरलेल्या बुद्धिबळपटूंच्या नजरेचा माग घेणारा एक अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. ‘आम्ही आणखी चांगली चाल शोधतोय’ असं ते सांगत होते, पण नजर मात्र आधी सुचलेल्या चालीच्याच घरांवर फिरत होती. अडकलेल्या माणसाला आपण अडकलोय हे आतून कळत नाही, हाच यातला खरा त्रास.

‘बघितलं की कळतं’ याचं कारणही इथेच आहे. छापील उत्तर वाचताना आपण फक्त प्रत्येक पायरी बरोबर आहे ना, एवढंच तपासतो. कुठल्या बाजूने शिरायचं हा अवघड निर्णय पुस्तकाने आधीच घेतलेला असतो. तेव्हा उत्तरं वाचून वाढते ती ओळख. शोधण्याचा सराव होतच नाही.

त्याला दिलेला कार्यक्रम साधा होता, एका वहीत करायचा. गणित अडलं की १५ मिनिटं द्यायची, पण तीच ओळ दुसऱ्यांदा लिहायला बंदी. त्याऐवजी समासात लिहायचं: ‘मी काय धरून चाललोय?’ उदाहरणार्थ, बाद पद्धतीच्या स्पर्धेत ३७ खेळाडू आहेत, सामने किती? त्याने १८, मग ९, ५, २, १, १ अशा फेऱ्या मांडल्या आणि कुणाला न खेळता पुढे चाल मिळते यातच गोंधळला. समासात त्याने लिहिलं, ‘फेऱ्या मोजायलाच हव्यात’. ते वाक्य कागदावर आल्यावरच त्याला शंका आली: खरंच हव्यात का? दर सामन्यात एक जण बाद होतो, विजेता सोडून ३६ बाद व्हायचे आहेत, म्हणून सामने ३६. चुकीचं गृहीतक डोक्यात असेपर्यंत दिसत नाही. लिहिलं की खोडता येतं.

तरीही सुटलं नाही, तर गणित सोडून २० मिनिटं वेगळं, हलकं काम करायचं. चालणं चालेल, भाजी निवडणं चालेल. मोबाइल नको, रील्स बघून डोकं मोकळं होत नाही. (आईंना भाजीची सूचना फार आवडली.) मात्र आधीची १५ मिनिटं खरी झगडलेली हवीत. प्रश्न नुसता वाचून फिरायला गेलं तर परत येऊनही काही सुचत नाही. मग छापील उत्तराची पहिलीच ओळ बघायची, बाकी वहीने झाकायचं. दुसऱ्या दिवशी तेच गणित कोऱ्या कागदावर आणि खाली एक वाक्य: ‘वळण कुठे होतं?’

हे रोज दोनच गणितांसाठी. सगळ्याच गणितांना लावलं की पोर्शन मागे पडतो आणि मुलं आठवड्यात सोडून देतात.

मधल्या काळात तो म्हणाला, ‘‘१० मिनिटं झाली तरी जवळ आल्यासारखं वाटतच नाही.’’ ते वाटणारही नाही. जॅनेट मेटकाफ आणि डेव्हिड वीब यांच्या १९८७ च्या प्रयोगात बीजगणित सोडवणाऱ्यांना उत्तर जवळ येतंय हे हळूहळू जाणवत होतं; एकदम उलगडणाऱ्या कोड्यांत मात्र अगदी शेवटपर्यंत काहीच जाणवत नव्हतं. म्हणून ‘जमत नाहीये’ हे वाटणं पुरावा धरू नये. ‘सुचलं!’ हेही धरू नये. किंमत घालून पडताळायचंच.

पेपरात हे सगळं करायला वेळ नसतो. सीईटीला गणिताचे ५० प्रश्न आणि ९० मिनिटं, म्हणजे प्रश्नाला दोन मिनिटंही नाहीत. तिथे अर्ध्या मिनिटात धागा सापडला नाही, तर खूण करून पुढे जायचं आणि दुसऱ्या फेरीत प्रश्न नव्याने वाचायचा, आधीच्या खरडीकडे न बघता.

पहिले तीन-चार आठवडे सुटलेल्या गणितांची संख्या घटते, हे पालकांना आधीच सांगावं लागतं. नाहीतर क्लासच्या पुढच्या टेस्टला वही बंद होते. सोप्या प्रश्नांनाही हात थरथरत असतील, झोप उडाली असेल, तर ही वही देऊ नये. तिथे आधी परीक्षेच्या भीतीवर काम हवं. आणि अकार्बनी रसायनाला ही वही लावू नये. तिथे बरंचसं पाठच करावं लागतं.