संमतीपत्रावर सही करण्यापूर्वी

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत राहतो. माझी मुलगी पंधरा वर्षांची असून शाळेच्या मार्चिंग बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवते. खेळ, बँड, नाटक अशा सर्व उपक्रमांतील मुलांच्या पालकांकडून शाळेने यंदा संमतीपत्र मागवले आहे. संगणक अधूनमधून कोणतीही नावे निवडणार आणि त्या मुलांची लघवी अमली पदार्थांसाठी तपासली जाणार. सही केली नाही, तर बँड सोडावा लागेल. मुलीवर आमचा पूर्ण विश्वास आहे. कसलाही संशय नसताना अशी तपासणी करणे कायद्यात बसते का? निकाल चुकीचा आला तर काय? दिवाळीत आमच्याकडे अनारसे होतात; खसखशीमुळेही चाचणी पॉझिटिव्ह येते असे ऐकले, ते खरे आहे का?
— एक आई, न्यू जर्सी

उत्तर : कायद्याचे आधी सांगतो. होय, अशी तपासणी कायद्यात बसते. ऑरेगन राज्यातील व्हर्नोनिया या गावच्या शाळेचे प्रकरण १९९५ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे आले, तेव्हा खेळाडू विद्यार्थ्यांची संशयाविना तपासणी न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी वैध ठरवली. तिथे निदान एक कारण होते : गावात अमली पदार्थांचा सुळसुळाट झाला होता आणि त्यात खेळाडूच पुढे असल्याचे शाळेचे म्हणणे होते. सात वर्षांनी, २००२ मध्ये, ओक्लाहोमातील टेकम्सी येथील लिंडसे अर्ल्स या विद्यार्थिनीचा खटला उभा राहिला. ती गायनवृंदात आणि मार्चिंग बँडमध्ये होती, म्हणजे तुमच्या मुलीसारखीच. या वेळी न्यायालयाने पाच विरुद्ध चार अशा निसटत्या बहुमताने स्पर्धात्मक उपक्रमांतील सर्वच मुलांच्या तपासणीला मान्यता दिली. न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयानेही २००३ मध्ये हंटरडन सेंट्रल या शाळेची अशीच योजना उचलून धरली. वॉशिंग्टन राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने मात्र २००८ मध्ये आपल्या राज्यघटनेच्या आधारे अशी सरसकट तपासणी अवैध ठरवली. त्यामुळे तुम्ही कोणत्या राज्यात राहता यावर बरेच अवलंबून आहे, आणि तुमच्या राज्यात तुमची बाजू कायद्याने दुबळी आहे.

परंतु कायदेशीर असणे आणि न्याय्य असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. माझ्या मते ही तपासणी न्याय्य नाही. अर्ल्स खटल्यात न्यायमूर्ती रूथ बेडर गिन्सबर्ग यांनी भिन्नमतपत्रात मांडलेला मुद्दा मला आजही बिनतोड वाटतो : शाळा सुटल्यावर तालमीला थांबणारी मुले व्यसनाकडे वळण्याची शक्यता इतरांपेक्षा कमी असते, आणि नेमक्या त्याच मुलांना ही योजना लक्ष्य करते. शिवाय ज्या मुलाला खरोखरच धोका आहे, ते चाचणीच्या धास्तीने बँडच सोडून देण्याची शक्यता अधिक. म्हणजे दुपारचे जे चार तास त्याला मोठ्या माणसांच्या नजरेखाली ठेवत होते, तेच त्याच्या हातून जातात.

आता निकालाच्या विश्वासार्हतेकडे वळू, कारण पालकांनी सर्वाधिक लक्ष द्यावे अशी हीच बाब आहे. तपासणीचे दोन टप्पे असतात. पहिला टप्पा प्रतिपिंडांवर आधारलेल्या स्वस्त आणि झटपट चाचणीचा. ही चाचणी रेणूची ओळख त्याच्या ढोबळ आकारावरून पटवते, त्यामुळे सारख्या घडणीचा दुसरा रेणूही तिला फसवू शकतो. सर्दीच्या गोळीतील स्यूडोएफेड्रिन किंवा नैराश्यावरील ब्युप्रोपिऑन यांमुळे अ‍ॅम्फेटामिन या उत्तेजक अमली पदार्थाची चाचणी पॉझिटिव्ह येऊ शकते. खोकल्याच्या औषधातील डेक्स्ट्रोमेथॉर्फनमुळे फेन्सायक्लिडिन या भलत्याच अमली पदार्थाचा संशय उभा राहू शकतो. दुसरा टप्पा गॅस क्रोमॅटोग्राफी आणि मास स्पेक्ट्रोमेट्रीचा. त्यात नेमका रेणू ओळखला जातो आणि वरच्यासारख्या बहुतेक चुका गळून पडतात. तो महाग असतो आणि त्याला वेळही लागतो. पहिल्याच टप्प्यावर मुलाला घरी पाठवणारी शाळा अन्याय करते, असे मी निःसंकोच म्हणेन.

याचे कारण साध्या आकडेमोडीतून कळते. समजा, एक हजार मुलांची तपासणी झाली आणि त्यांपैकी वीस जणांनी खरोखर काही घेतले होते. चाचणीने त्यांतील अठरा पकडले. उरलेल्या ९८० निर्दोष मुलांत शंभरामागे दोन इतकीच चूक झाली, तरी सुमारे वीस मुले नाहक पॉझिटिव्ह ठरतात. म्हणजे ३८ पॉझिटिव्ह निकालांपैकी निम्म्याहून अधिक खोटे. हे आकडे मी समजण्यापुरते घेतले आहेत, परंतु व्यसन विरळ असलेल्या गटाची सरसकट तपासणी केली की चांगल्या चाचणीचेही असेच होते. संशयावरून एखाद्याच मुलाची तपासणी केली, तर त्याच चाचणीचा निकाल कितीतरी अधिक भरवशाचा ठरतो.

खसखशीविषयी तुम्ही ऐकले ते खरे आहे, आणि इथे दुसरा टप्पाही कामी येत नाही. खसखस अफूच्या बोंडातूनच निघते आणि तिच्यावर मॉर्फिनचा अंश राहू शकतो. तो किती असेल हे खसखस कुठली आहे, धुतली किती आणि भाजली किती यावर ठरते. लघवीत खरेच मॉर्फिन असते, त्यामुळे मास स्पेक्ट्रोमेट्रीही ते आहे असेच सांगणार. याच कारणाने अमेरिकी सरकारने १९९८ मध्ये कर्मचाऱ्यांच्या तपासणीतील मर्यादा मिलिलिटरमागे ३०० नॅनोग्रॅमवरून २,००० वर नेली, आणि २०२३ मध्ये तेथील संरक्षण खात्याने सैनिकांना खसखस टाळण्याचा सल्ला दिला. शाळांना ही सरकारी मर्यादा बंधनकारक नसते, म्हणून प्रयोगशाळा कोणती मर्यादा वापरते हे विचारून घ्या. दिवाळीत अनारशांनंतर नाव निघाले, तर नमुना देतानाच काय खाल्ले ते लेखी नोंदवून ठेवा.

निकाल उलट दिशेनेही चुकतो. नेहमीच्या गांजा ओढणाऱ्याच्या लघवीत त्याचा अंश महिनाभरही सापडू शकतो, कोकेन दोन-तीन दिवसांत निघून जाते आणि दारू बऱ्याचदा काही तासांत. फेंटानिल हे अतिशय तीव्र कृत्रिम वेदनाशामक तर ओपिएटच्या, म्हणजे अफूपासूनच्या पदार्थांच्या, नेहमीच्या चाचणीत उमटतच नाही. त्यासाठी वेगळी चाचणी मागवावी लागते. म्हणजे गांजा सर्वांत हमखास पकडला जातो, आणि अधिक जीवघेणी वस्तू सुटू शकते. हे मुलांना पालकांच्या आधी कळते.

मग याचा उपयोग होतो का? मिशिगन विद्यापीठाच्या संशोधकांनी २००३ मध्ये सुमारे ७६,००० विद्यार्थ्यांची माहिती तपासली, तेव्हा चाचणी घेणाऱ्या आणि न घेणाऱ्या शाळांत अमली पदार्थांच्या वापरात फरक आढळला नाही. २०१० मध्ये अमेरिकी शिक्षण खात्याने ३६ शाळांचा प्रयोग प्रसिद्ध केला. त्यात चाचणीच्या कक्षेतील १६ टक्के मुलांनी मागच्या महिन्यात काही घेतल्याचे सांगितले, तर चाचणी नसलेल्या शाळांतील तशाच मुलांत हे प्रमाण २२ टक्के होते. हा फरक मी नाकारत नाही. परंतु पुढे घेण्याच्या इराद्यात फरक पडला नाही, आणि चाचणीच्या कक्षेबाहेरच्या मुलांवर काहीच परिणाम दिसला नाही. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०१५ मध्ये अशा सरसकट चाचण्यांना विरोध नोंदवला, तो पुरेशा पुराव्याअभावी आणि मुलांच्या खासगीपणाच्या काळजीपोटी.

सही करू नका असे मी सांगणार नाही, कारण त्याची किंमत तुमच्या मुलीला मोजावी लागेल. पण सहीआधी शाळेला पत्र लिहा आणि लेखी उत्तर मागा. दुसऱ्या टप्प्याची चाचणी झाल्याशिवाय कोणालाही निकाल कळवला जाणार नाही ना? शाळेला निकाल कळण्याआधी एखादा डॉक्टर घरी फोन करून औषधांची चौकशी करेल ना? नमुन्याचा दुसरा भाग राखून ठेवतात का, म्हणजे तो आपल्याला दुसऱ्या प्रयोगशाळेतून तपासून घेता येईल? पातळ लघवीला काय समजले जाते, हेही विचारा. क्रिएटिनिन, म्हणजे स्नायूंतून लघवीत येणारे द्रव्य, कमी भरले की नमुन्यात पाणी मिसळल्याचा संशय घेतात, पण शाकाहारी आणि किरकोळ बांध्याच्या मुलीत ते मुळातच कमी असू शकते. तिच्या औषधांची यादी बँडच्या शिक्षकांच्या हाती मुळीच देऊ नका, ती केवळ डॉक्टरला द्या. गायनाच्या शिक्षिकेने अशा याद्या इतर मुलांना दिसतील अशा ठिकाणी ठेवल्याची तक्रार अर्ल्स खटल्यातच झाली होती.

प्रश्न : माझा मुलगा अकरावीत आहे. तो हल्ली खोलीतच बसतो, रात्रभर जागतो आणि गुणही घसरले आहेत. मेडिकलमधून किट आणून त्याला न सांगता तपासणी करावी का?
— एक वडील, नाशिक

उत्तर : करू नका. घरच्या किटमध्ये वर सांगितलेला फक्त पहिला टप्पा असतो. पॉझिटिव्ह आले तर ते खरे की खोटे हे तुम्हाला ठरवता येणार नाही. निगेटिव्ह आले तर तुम्ही निर्धास्त व्हाल, आणि व्हाइटनर किंवा सोल्युशन हुंगणे त्यात उमटत नाही. तुम्ही सांगितलेली लक्षणे नैराश्याचीही असू शकतात, आणि त्याकडे दुर्लक्ष होणे अधिक घातक आहे. चोरून केलेली तपासणी उघडकीस आली, तर तो ज्या एका माणसाकडे मदत मागू शकला असता, तो माणूस तुम्ही राहणार नाही. त्याच्याशी बोला आणि त्याला बरोबर घेऊन मानसोपचारतज्ज्ञाकडे जा. चाचणीची गरज आहे असे डॉक्टरांना वाटले, तर ते ती त्याच्या संमतीने करतील. टेली मानस या मानसिक आरोग्यासाठीच्या सरकारी सेवेचा १४४१६ आणि व्यसनमुक्तीसाठीचा १४४४६ हे दोन्ही क्रमांक निःशुल्क आहेत. पुण्याचे मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून काम करत आहे, आणि मुलाला नेण्याआधी केवळ पालक म्हणून सल्ला घ्यायलाही तिथे जाता येईल.