जिंकलेलं शहर पेटतं का? गेमर वाचकांचे प्रश्न

या महिन्यात आलेल्या मेलमध्ये एकच रडगाणं परत परत होतं, शहर जिंकलं, सैन्य बसवलं, बिल्डिंगा बांधल्या आणि तरी लोक उठले. उत्तरं देण्याआधी एक गोष्ट सांगतो कारण बाकी सगळं त्यावर उभंय: नाराजी प्रत्येक गेममध्ये असते पण ती कुठल्या खात्यावर लिहिली जाते ते वेगवेगळं असतं. कधी त्या एका शहराच्या, कधी अख्ख्या साम्राज्याच्या, तर कधी शेजाऱ्याच्या जोरावर. खातं ओळखलं नाही तर तुम्ही सोनं ओतत राहता आणि आकडा जागचा हलत नाही.

प्रश्न (सांगली): मी सिव्ह 6 (सिव्हिलायझेशन 6, साम्राज्य उभारायचा गेम) खेळतो. शेजाऱ्याच्या सीमेतलं एक शहर जिंकलं, आत तगडं युनिट (सैन्याची तुकडी) ठेवलं, लक्झरी (चैनीच्या वस्तू) पण भरपूर आहेत, तरी पाच टर्नमध्ये (खेळातल्या पाच पाळ्यांत) ते फ्री सिटी, म्हणजे कोणाचंच नसलेलं शहर, झालं आणि माझ्याच लोकांवर हल्ले करायला लागलं. असं का?

उत्तर: तुम्ही अॅमेनिटीजचं औषध दिलंत, दुखणं होतं लॉयल्टीचं. 2018 च्या राइझ अँड फॉल एक्सपान्शनपासून (गेममध्ये घातलेल्या वाढीव भागापासून) ही दोन वेगळी खाती आहेत. अॅमेनिटीज म्हणजे लोक मजेत आहेत का, लॉयल्टी म्हणजे लोक स्वतःला कोणाचे समजतात. पहिल्याचा दुसऱ्यावर थोडा परिणाम होतो, पण सीमेवरच्या शहरात तो फार पुरत नाही.

लॉयल्टी 100 पर्यंत असते आणि 9 टाइल्सच्या (नकाशावरच्या घरांच्या) आतल्या शहरांतले लोक तिला आपापल्या बाजूला ओढत असतात, जितकं शहर लांब तितकी ओढ कमी. आता तुमचं बघा, जिंकलेल्या शहरात उरलेत दोन-तीन लोक, आजूबाजूला शत्रूची मोठी शहरं आणि तुमची राजधानी पार नकाशाच्या दुसऱ्या टोकाला. ही ओढ एका टर्नला जास्तीत जास्त 20 पर्यंत जाते, म्हणजे शहर पूर्ण 100 वर असतं तरी बरोब्बर पाच टर्नमध्ये शून्यावर येतं. आत नुसतं युनिट बसवून ती ओढ तुटत नाही.

मग करायचं काय, तर गव्हर्नर पाठवायचा, तो दर टर्नला 8 लॉयल्टी देतो. मॉन्युमेंट 1 देतं, लिमिटानी हे पॉलिसी कार्ड (सरकारचं धोरण) लावलं तर आत बसवलेल्या युनिटमुळे 2 (तुमचं ते तगडं युनिट इथे कामाला येतं) आणि प्रिटोरियम कार्डाने गव्हर्नर असलेल्या शहरात आणखी 2. बेरीज झाली 13. समोरून वजा 20 येत असेल तर अजून 7 चा खड्डा राहतोच, पण पाचऐवजी चौदा-पंधरा टर्न मिळतात आणि खरा उपाय तेवढ्यात करायचा, तो म्हणजे शेजारचं मोठं शहर घेणं! ते पडलं की ओढणारी माणसंच तुमच्या बाजूला येतात. म्हणून मी नेहमी सांगतो, सिव्ह 6 मध्ये परमुलखात एकटं शहर घेऊ नका, दोन-तीनचा घोळका एका दमात घ्या आणि जमलं तर तुमचा गोल्डन एज (भरभराटीचा काळ) चालू असताना घ्या कारण तेव्हा तुमचा एक माणूस दीड माणसाएवढा ओढतो आणि समोरचा डार्क एजमध्ये (पडत्या काळात) असेल तर त्याचा एक अर्ध्याएवढाच. हे जमणार नसेल तर शहर ठेवूच नका, कोणाची मूळ राजधानी नसेल तर रेझ करून (जमीनदोस्त करून) पुढे जा.

प्रश्न (नाशिक, दहावीतला विद्यार्थी): दादा, मी सिव्ह 5 मध्ये भराभर दहा शहरं वसवली. आता हॅपिनेस (लोकांच्या खुशीचा आकडा) लाल झालाय आणि कुठलंच शहर वाढत नाहीये. नवीन शहरात कलोसियम बांधलं तरी तसंच. सिव्ह 4 मध्ये तर मी असंच खेळायचो.

उत्तर: अरे, सिव्ह 4 ची सवयच इथे नडतेय. 2005 च्या त्या गेममध्ये प्रत्येक शहराचं रडणं त्याच्यापुरतं. एखाद्या शहरात चार लोक चिडले तर ते चार जण काम बंद करतात, जेवायला मात्र येतात, बाकीच्या शहरांना त्याचं काही नाही. तिथे स्लेव्हरी (गुलामगिरीचं धोरण) लावून माणसं खर्ची घालून बिल्डिंग उठवली की त्याच शहरात दहा टर्न एक जास्तीची नाराजी राहते, तीसुद्धा तिथल्या तिथेच. 2010 ला सिव्ह 5 आला आणि अख्ख्या साम्राज्याची एकच थैली झाली. नवीन शहर वसवलं की 3 नाराजी आणि वर प्रत्येक माणसामागे 1. म्हणजे चार वस्तीचं छोटंसं शहर 7 खाऊन बसतं आणि एक नवीन लक्झरी देते फक्त 4. दहा शहरांचा हिशोब तूच करून बघ, कागद घेऊन कर, लगेच कळेल.

आकडा शून्याखाली गेला की वाढ जवळपास बंद पडते आणि उणे 10 च्या खाली बंडखोर युनिटं उगवायला लागतात, ते शेतं आणि रस्ते लुटत फिरतात. तेव्हा आता आधी नवीन सेटलर (शहर वसवणारी युनिटं) काढणं थांबव. मग तुझ्याकडे एकाच लक्झरीच्या दोन-दोन, तीन-तीन खाणी असतील बघ, दुसरी आणि तिसरी फुकट पडून आहे कारण हॅपिनेस फक्त पहिलीचा मिळतो. ती जास्तीची दुसऱ्या राजाला दे आणि त्याच्याकडची तुझ्याकडे नसलेली घे. माझ्या मते सिव्ह 5 मधला हा सगळ्यात महत्त्वाचा व्यापार आहे आणि बरीच मुलं तो करतच नाहीत. कलोसियम बांध की, पण छोट्या शहरात ते तिथल्या लोकसंख्येपेक्षा जास्त हॅपिनेस देत नाही, म्हणून आधी मोठ्या शहरात बांध.

प्रश्न (पुणे): जुना रोम टोटल वॉर (रोमन काळातला लढायांचा गेम) परत खेळायला घेतलाय. लांबची शहरं सारखी बंड करतात, टॅक्स कमी करून पण उपयोग नाही.

उत्तर: शहराच्या माहितीत नाराजीची कारणं चिन्हांनी मांडलेली असतात, त्यात राजधानीपासूनचं अंतर आणि घाण-गर्दी ही दोन बघा, बहुतेक वेळा हीच दोघं असतात. राजधानी नकाशाच्या मधोमध आणा, लांबच्यांचा त्रास लगेच कमी होतो. फौज म्हणून भारी पलटण अडकवून ठेवू नका, तिथे नुसती डोकी मोजली जातात, स्वस्तातले पेझंट्स (साध्या शेतकऱ्यांच्या तुकड्या) भरा. त्यांची भरती शहराच्या लोकसंख्येतूनच होते त्यामुळे गर्दीही तेवढी हलकी होते. आणि मोठी शेतं बांधायच्या आधी दहादा विचार करा कारण त्याने वाढलेली लोकसंख्या पुढे गर्दी होऊन तुमच्याच मानेवर बसते.

प्रश्न (न्यू जर्सी): या सगळ्या गेममध्ये स्टेडियम, सर्कस बांधलं की लोक शांत होतात. इतिहासात खरंच तसं होतं का?

उत्तर: हा प्रश्न मला मनापासून आवडला. काही अंशी होतं, रोमचे सम्राट धान्य आणि खेळ दोन्ही वाटत होते आणि सिव्ह 6 मध्ये तर त्याच नावाचं, ब्रेड अँड सर्कसेस असं, प्रोजेक्टच आहे. पण इ.स. 532 च्या जानेवारीत कॉन्स्टँटिनोपलमध्ये (पूर्व रोमन साम्राज्याची राजधानी, आजचं इस्तंबूल) जे झालं ते वाचलं की गेमचा हा हिशोब अर्धवट वाटायला लागतो. तिथे रथांच्या शर्यतींचे दोन मोठे गट होते, निळे आणि हिरवे, एकमेकांचे कट्टर वैरी. दंगलीपायी काही जणांना फाशी द्यायचं ठरलं, तेव्हा फाशीचा सांगाडाच मोडला आणि दोघं वाचले, एक निळा आणि एक हिरवा. दोन्ही गटांनी त्यांच्यासाठी माफी मागितली, सम्राट जस्टिनियनने दिली नाही. लोक आधीच करांमुळे आणि कर वसूल करणाऱ्या अधिकाऱ्यांमुळे पिचलेले. मग शर्यतींच्या दिवशी बाविसाव्या शर्यतीपर्यंत दोन्ही गटांच्या घोषणा एक झाल्या, ‘निका, निका’, म्हणजे जिंका!

शहर कित्येक दिवस जळत होतं, जुनं हाया सोफिया हे मोठं चर्च त्यातच गेलं. सम्राटाने नावडते अधिकारी काढून टाकले तरी कोणी ऐकेना, लोकांनी हिपेशियस नावाच्या सरदाराला सम्राट म्हणून बसवलं तेही त्याच शर्यतींच्या मैदानात. शेवटी निळ्यांच्या पुढाऱ्यांना सोनं वाटून फोडलं आणि बेलिसारियस आणि मुंडस या सेनापतींच्या सैनिकांनी मैदानात अडकलेल्या लोकांची कत्तल केली. प्रोकोपियस हा त्या काळचा इतिहासकार मेलेल्यांचा आकडा तीस हजारांवर सांगतो.

आता गेममध्ये बघा, स्टेडियम म्हणजे निव्वळ अधिक चिन्ह. प्रत्यक्षात ती शहरातली अशी जागा होती जिथे हजारो लोक एकत्र बसून सम्राटाच्या तोंडावर ओरडू शकत होते. कर माफक असताना त्याच जागेने लोक खूश राहतात, कर असह्य झाले की तिथेच ते एकमेकांना सापडतात. मला असा गेम हवाय ज्यात कर वाढले की मनोरंजनाच्या बिल्डिंगचंच चिन्ह अधिकचं वजा होईल. एखाद्या मॉड करणाऱ्या (गेममध्ये स्वतः बदल करणाऱ्या) वाचकाने हे मनावर घ्यावं, खरंच सांगतो, मी पहिला खेळेन.

प्रश्न (कोल्हापूर): फ्रॉस्टपंकमध्ये (बर्फात शहर जगवायचा गेम) होप भरपूर आहे तरी डिस्कंटेंट वर चढतच जातो. दोन्ही एकच नाहीत का?

उत्तर: नाहीत, इथेही दोन खाती आहेत. होप म्हणजे उद्या जगू का, डिस्कंटेंट म्हणजे आज काय हाल चाललेत. वाढीव शिफ्ट, थंड घरं, पातळ सूप यांनी डिस्कंटेंट चढतो आणि भाषणं-प्रार्थना कितीही केल्या तरी घर गरम होत नाही. आधी घरं उबदार करा, वाढीव शिफ्ट दोन दिवस बंद ठेवा, आणि लोक मागणी घेऊन आले की झेपणार असेल तरच वचन द्या, कारण मोडलेलं वचन दोन्ही पट्ट्यांवर एकदम बसतं.