ओटा कुणाच्या मापाचा?

(घरबांधणीच्या प्रश्नांचं सदर)

या महिन्यात तीनच पत्रं घेतली आहेत. मला येणारी निम्मी पत्रं ‘घर पाहावं बांधून’ या म्हणीनं सुरू होतात. म्हणीच्या दुसऱ्या अर्ध्यात लग्न आहे, ते लिहायला सगळे विसरतात. पहिल्या पत्रात मात्र दोन्ही अर्धे आहेत.

प्रश्न : ताई, आमच्या घराचा पहिला स्लॅब झाला, वीटकाम चालू आहे. वर्षभरात राहायला जाऊ म्हणालो होतो, आता चौदावा महिना. अंदाजापेक्षा पाचवा हिस्सा खर्च वर गेलाय. रोज संध्याकाळी साइटवर जातो आणि भांडण घेऊन परत येतो. बायकोला स्वयंपाकघराची खिडकी दोन फूट सरकवून हवी आहे. आई म्हणते जिना उभा होणार, मला चढवणार नाही. कॉन्ट्रॅक्टर कशालाही ‘एक्स्ट्रा’ लावतो. परवा बायको म्हणाली, ‘हे घर तुझं आहे, माझं नाही.’ तेव्हापासून आम्ही दोघं फक्त फरशीबद्दल बोलतो. कुठे चुकलं?

उत्तर : आधी जिना, कारण सेंट्रिंग, म्हणजे काँक्रीट ओतायचा फळ्यांचा साचा, लागलं की तो कुणाचं ऐकणार नाही.

दोन मजल्यांमधली उंची ३ मीटर धरू. आईंना सोसेल अशी पायरी १६ सेंटीमीटरच्या आतली. म्हणजे १९ पायऱ्या, प्रत्येक जेमतेम १५.८ सेंटीमीटरची. आता पायरीची रुंदी. सतराव्या शतकातल्या ब्लाँदेल नावाच्या फ्रेंच वास्तुविशारदानं माणसाच्या पावलावरून एक हिशेब बसवला, तो आजही चालतो : उंचीची दुप्पट अधिक रुंदी, बेरीज ६० ते ६५ सेंटीमीटर. तुमच्या पायरीला ३० सेंटीमीटर रुंदी दिली की बेरीज ६१.६ येते. छान. पण मध्ये चौक, म्हणजे वळणावरची सपाट जागा, घेऊन दोन भागांत वळवलेल्या अशा जिन्याला मीटरभराचा चौक धरून साधारण पावणेचार मीटर लांबी आणि दोन मीटर रुंदी लागते. आज टेप घेऊन जा आणि स्लॅबमध्ये सोडलेली जागा मोजा. तेवढी असेल तर आईंचा जिना होईल. नसेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारल्याशिवाय स्लॅबची कड कुणालाही फोडू देऊ नका, मिस्त्री कितीही ‘होऊन जाईल’ म्हणाला तरी. मग आईंची खोली खालीच घ्या आणि ते त्यांना तुम्ही स्वतः सांगा, कॉन्ट्रॅक्टरच्या तोंडून नको. आणखी एक. सगळ्या पायऱ्या सारख्या हव्यात. पाय दोन-तीन पायऱ्यांत माप शिकतो आणि पुढे डोळ्यांना विचारत नाही. शेवटची पायरी फरशीमुळे दोन सेंटीमीटर कमी झाली, की माणूस तिथेच अडखळतो. खालची आणि वरची फरशी किती जाडीची बसणार, ते जिन्याआधी ठरवायचं ते यासाठी.

आता खिडकी. लिंटेल, म्हणजे खिडकीवरची काँक्रीटची आडवी पट्टी, पडला नसेल तर खिडकी सरकवणं हे एखाद्या दिवसाचं काम. पण ‘दोन फूट’ या आकड्यावर भांडू नका. कशासाठी सरकवायची, ते विचारा. कदाचित ओट्याशी उभं राहिल्यावर स्वतःचीच सावली हातावर पडेल, एवढीच त्यांची काळजी असेल. मग सहा इंचांत काम भागेल, किंवा तीन फूट लागतील. ओट्याची जागा जमिनीवर चुन्यानं आखा, विटांचा कोरडा थर मांडा, दोघंही तिथे उभे राहा. नकाशात दिसत नाही ते पाच मिनिटांत दिसतं.

‘हे घर तुझं आहे’ हे वाक्य कुठून आलं असेल, याचा मला अंदाज आहे. मिस्त्री प्रश्न विचारतो तो समोर उभ्या असलेल्या माणसाला. कोनाडा किती उंचीवर? नळ डावीकडे की उजवीकडे? दार आत उघडायचं की बाहेर? समोर तुम्ही होता, तुम्ही उत्तरं दिलीत. एकेक उत्तर क्षुल्लक होतं. अशी दोनशे झाली, आणि घर तुमचं झालं.

म्हणून उद्यापासून साइटवर उत्तर द्यायचं नाही. प्रश्न वहीत लिहून आणायचा, घरी दोघांनी बसून ठरवायचं, सकाळी एकानंच सांगायचं. मिस्त्री दोन दिवस कुरकुरेल. काँक्रीट चालू असताना आलेला प्रश्न तेवढा अपवाद. पण खरं तर त्या वेळी प्रश्न शिल्लक असणं हीच आदल्या दिवशीची चूक.

‘एक्स्ट्रा’बद्दल सगळा दोष कॉन्ट्रॅक्टरला देता येत नाही. बदल तोंडी झाला असेल तर त्याची किंमत काम झाल्यावरच ठरते, आणि तेव्हा तुमच्या हातात काही उरलेलं नसतं. बदल लिहा, दर आधी ठरवा, दोघांच्या सह्या घ्या. आणि वजावट मागा. लोक हमखास हे विसरतात. भिंत सरकवली तर नवी भिंत एक्स्ट्रा, कबूल. पण जुन्या जागची जी भिंत बांधलीच नाही, तिचे पैसे बिलातून जायला हवेत.

खर्चाचं म्हणाल तर खरी चढण पुढे आहे. सांगाडा उभा राहिला की पाहुणे म्हणतात, ‘झालंच की घर!’ माझ्या अनुभवात पैशाच्या हिशेबानं तेव्हा निम्मी वाट सरलेली असते. खिडक्या, फरशी, नळ, वायरिंग, रंग सगळं बाकी. उरलेल्या कामांची यादी आताच नव्यानं करा, तिच्यावर दहा-पंधरा टक्के राखून ठेवा. पुरत नसतील तर वरचा मजला नुसता बंद करून ठेवा. पण स्वस्तातले नळ आणि वायरी घेऊन भिंतीत पुरू नका. फरशी पुढे बदलता येते, भिंतीतली नळी बदलायला भिंत फोडावी लागते.

नळीवरून माझं स्वतःचं सांगते. तीस वर्षं साइटवर काढलेली इंजिनिअर मी. स्वतःच्या घराचा स्लॅब पडल्यावर मला वरचं न्हाणीघर दुसऱ्या कोपऱ्यात हवंसं वाटलं. नवरा म्हणाला, नको. मी म्हणाले, यातलं तुला काय कळतं? सांडपाण्याचा पाइप बैठकीच्या छताखालून न्यावा लागला, त्याला झाकायला खोटं छत आलं. अजून कुणी पाहुणे गप्पांत रंगले असताना वर कुणी बादली ओतली, की आमच्या डोक्यावरून खळखळ जाते. नवरा छताकडे बघतो आणि काही बोलत नाही. बारा वर्षं झाली.

प्रश्न : मी एकटी आहे, स्वतःच्या पैशानं घर बांधते आहे. कॉन्ट्रॅक्टर मी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर माझ्या धाकट्या भावाला देतो, आणि भावाला यातलं ओ की ठो कळत नाही. मालात पाणी जास्त वाटतंय म्हटलं तर कामगार हसले. काल एका कॉलमच्या पायथ्याशी फळ्या काढल्यावर मधाच्या पोळ्यासारखी भोकं दिसली. आज गेले तर तिथे सिमेंट थापून गुळगुळीत केलेलं. मी उगाच घाबरते आहे का?

उत्तर : नाही. आणि ते थापलेलं सिमेंट तुमच्या इंजिनिअरसमोर काढायला लावा, त्यावर गिलावा चढण्याच्या आत.

त्या भोकांना साइटवर हनीकोंब म्हणतात. फळ्यांच्या फटीतून सिमेंटचं पाणी गळून गेलं, माल हलवून दाटवणारा व्हायब्रेटर नीट फिरला नाही, सळया इतक्या दाट होत्या की खडी खाली उतरलीच नाही, किंवा माल फार उंचावरून टाकला, यातलं काहीतरी झालेलं असतं. वरवरची भोकं असतील तर दुरुस्ती सोपी. हातोडीनं ठोकून पाहा, पोकळ आवाज कुठवर येतो ते खडूनं आखा. सळई उघडी दिसली तर मात्र प्रकरण मिस्त्रीच्या हातातलं नाही. सैल भाग घट्ट काँक्रीट लागेपर्यंत काढायचा, धुवायचा, आणि इंजिनिअर सांगेल त्या ग्राउटनं (भोकं भरायच्या पातळ सिमेंटी मालानं) किंवा बारीक खडीच्या काँक्रीटनं भरायचा. नुसतं थापलेलं सिमेंट भोक झाकतं, भार घेत नाही. कॉलमचा पायथा हा सगळ्यात जास्त भार झेलणारा भाग, म्हणून तिथे भीड नको.

पाण्याबद्दल तुम्ही बरोबर होता. जास्त पाण्याचा माल पसरायला सोपा, म्हणून कामगारांना तो आवडतो. त्यांची कंबर मोडत असते, तेही समजून घ्या. पण सिमेंटला लागतं त्याहून जास्तीचं पाणी पुढे उडून जातं आणि त्याच्या जागी सूक्ष्म छिद्रं उरतात. पाणी आणि सिमेंटचं प्रमाण वाढलं की ताकद उतरते, हा नियम डफ अब्राम्स या अमेरिकन संशोधकानं १९१८ मध्ये मांडला. तो काही तुमच्या साइटपुरता बदललेला नाही. हिशेब तोंडपाठ करा : प्रमाण ०.५ असेल तर ५० किलोच्या गोणीला २५ लिटर. वाळू ओली असेल तर तिच्यातलं पाणीही त्यातच धरायचं. मिक्सरशी मापाची बादली ठेवा. पाइप दिसला की बंद करायला लावा.

गंमत अशी, की आधी जो नको तितकं पाणी घालतो, तोच नंतर पाणी मारायला कंटाळतो. काँक्रीट वाळून कडक होत नाही, सिमेंटची पाण्याशी प्रक्रिया होऊन कडक होतं. सातव्या दिवशी साधारण दोन तृतीयांश ताकद आलेली असते, ठरलेली ताकद मोजायची ती अठ्ठाविसाव्या दिवशी. निदान पहिले सात दिवस, कोरडी हवा असेल तर दहा-बारा दिवस, ते ओलं राहायलाच हवं. कॉलमला ओलं गोणपाट गुंडाळा. सकाळी एकदा पाइप फिरवला आणि दुपारी पांढरं पडलं, याला क्युरिंग म्हणत नाहीत.

भावाचं काय करायचं? त्याला काही दिवस साइटवर नेऊच नका. तो वाईट आहे म्हणून नव्हे. तो नसला की कॉन्ट्रॅक्टरला बघायला दुसरं तोंड उरत नाही. नोकरीच्या सुरुवातीला माझ्याबरोबरही हेच व्हायचं, माझ्या शेजारी उभ्या शिपायाला लोक ‘साहेब’ म्हणायचे. मी वाद घालणं सोडलं आणि लिहायला लागले. प्रत्येक भेटीची तारीख, काय पाहिलं, काय सांगितलं, खाली त्याची सही. पुढचा हप्ता तारखेवर नाही, पूर्ण आणि तपासलेल्या कामावर. पहिल्यांदा सही मागितली तेव्हा हसले. हप्ता अडला तेव्हा थांबले. एक पथ्य मात्र पाळा : मिस्त्रीची चूक त्याच्या माणसांसमोर काढू नका. बाजूला घ्या. चांगला मिस्त्री दुखावला, तर तुमची वही त्याला परत आणू शकत नाही.

आणि गिलाव्याआधी प्रत्येक भिंतीचा फोटो काढा, पाइप आणि वायरींसकट, कोपऱ्यापासून टेप लावून, आकडे दिसतील असा. पुढे खिळा ठोकताना मला दुवा द्याल.

प्रश्न : आम्ही दोघांनी मिळून घर काढलं. वीटकाम झालं आणि पत्नी गेली. काम दीड वर्ष बंद आहे. मुली म्हणतात, पुरं करा. ओट्याची उंची तिनं स्वतः उभं राहून ठरवली होती, भिंतीवर पेन्सिलीची रेघ आहे. पत्नी माझ्या खांद्याएवढी होती. स्वयंपाक आता मीच करतो. रेघेवर ओटा केला तर मला वाकावं लागेल. वर केला तर मी तिचं एकमेव काम पुसलं असं होईल. हा प्रश्न तुमच्या सदरातला आहे का, माहीत नाही.

उत्तर : आहे.

काम सुरू करण्याआधी थोडं पाहून घ्या. गच्चीवर कॉलमच्या सळया उघड्या असतील. तांबूस पूड असेल तर तारेच्या ब्रशनं जाते. पापुद्रे सुटत असतील तर इंजिनिअरला सळईची जाडी मोजायला सांगा. उरलेल्या सिमेंटच्या गोण्या वापरू नका, दीड वर्षात त्यांच्यात जीव उरत नाही. विटांच्या भिंतींचे उघडे माथे हातानं हलवून पाहा, वरचा थर सुटला असेल तर काढून पुन्हा बसवा.

ओटा तुमच्या मापाचा करा. कोपर वाकवून उभे राहा, कोपराच्या खाली दहा-पंधरा सेंटीमीटर, तिथे तुमची उंची. त्या रेघेवर ओटा केलात तर रोज दोन वेळा पाठ दुखेल, आणि त्या दुखण्याला तुम्ही त्यांचं नाव द्याल. त्यांनी ती रेघ काढली ती स्वयंपाक करणाऱ्याला वाकावं लागू नये म्हणून. आता स्वयंपाक करणारे तुम्ही आहात. त्यांची पद्धत तीच ठेवा, माप तुमचं घ्या.

रेघ मात्र भिंतीवरच्या फरशीखाली जाईल. कारागीर यायच्या आदल्या दिवशी तिचा फोटो काढा. जमिनीपासून टेप लावा. एका हातानं टेप सरळ राहत नाही, तेव्हा एका मुलीला बरोबर न्या.